पिकअपच्या पोटाखालचे बेअरिंग

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट भरून झाले, की पिकअप गाड्या एकामागून एक आळेफाट्याकडे निघतात. त्यांपैकी काही माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशीच्या बाजारात जातात. टोमॅटो हा नाशवंत माल. गाडी वाटेत अडून बसली, तर बाजाराची वेळ टळते आणि शेतकऱ्याचा भाव जातो. अशा गाडीच्या पोटाखाली, तळहातावर सहज मावेल एवढे एक बेअरिंग असते. मोटार मिस्त्री त्याला ‘सेंटर बेअरिंग’ म्हणतात. ते पार निकामी झाले, तर इंजिन धडधाकट असूनही गाडी पुढे नेणे धोक्याचे होते.

हे बेअरिंग तेथे कशासाठी असते? ते झिजते का? आणि ते बदलताना मिस्त्री खडू, पंच, पाइपचा तुकडा असल्या साध्या वस्तू इतक्या काळजीने का वापरतो? या प्रश्नांची उत्तरे आपण या लेखात शोधू. त्यासाठी लागणारे बहुतेक पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

पोटाखालचा दांडा

बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिन पुढे असते आणि गाडीला ढकलणारी चाके मागे असतात. इंजिनाची शक्ती मागे नेण्यासाठी गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत एक पोकळ पोलादी दांडा असतो. तो स्वतःभोवती गरगर फिरतो. हाच प्रोपेलर शाफ्ट. आसाच्या मधोमध फुगीर डबा दिसतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यातली दातेरी चक्रे दांड्याची फिरकी काटकोनात वळवून दोन्ही चाकांकडे पाठवतात.

हा दांडा किती वेगाने फिरतो, याचा हिशेब करू. समजा, चाकाच्या एका फेरीत गाडी २.१ मीटर पुढे जाते, आणि चाकाची एक फेरी होण्यासाठी दांड्याला ४ फेऱ्या कराव्या लागतात. गाडीचा वेग ताशी ७६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २१ मीटर असेल, तर चाक सेकंदाला १० फेऱ्या घेईल आणि दांडा ४०. मिनिटाला २,४०० फेऱ्या झाल्या. हा आकडा लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

लहान गाडीत हा दांडा एकाच तुकड्याचा असतो. लांब पिकअपमध्ये मात्र त्याचे दोन तुकडे केलेले असतात. जेथे ते एकमेकांना जोडतात, तेथेच आपले सेंटर बेअरिंग असते. मध्ये गोळ्यांचे बेअरिंग, त्याभोवती जाड रबराचे कडे आणि त्याबाहेर पोलादी पट्टीचा कंस, अशी त्याची रचना असते. तो कंस दोन बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो.

पुष्कळांना वाटते, की लांब दांडा मध्ये वाकू नये म्हणून खालून हा टेकू दिला आहे. पण ते ओझे असते तरी किती? ७० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतली, तर तिचे वजन मीटरला सुमारे ३.३५ किलो भरते. २.२ मीटरची नळी सव्वासात किलोंच्या आसपास जाईल. सांधे धरून एकूण १४ किलो समजा. त्यातले निम्मे ओझे पुढच्या आणि मागच्या टोकांवर जाते. मधल्या बेअरिंगवर राहतात जेमतेम ७ किलो. एवढ्या ओझ्याने ही नळी मध्यभागी फक्त ०.२ मिलिमीटर वाकेल, म्हणजे वहीच्या दोन कागदांच्या जाडीइतकी. तेव्हा बेअरिंग बसवण्याचे कारण वजनात सापडत नाही. ते दांड्याच्या फिरण्यात शोधावे लागेल.

दांडा बाहेर का फेकला जातो?

कोणतीही नळी कितीही काळजीने बनवली, तरी ती पूर्णपणे सारखी होत नाही. एका बाजूला धातू केसभर जास्त असतोच. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षावर नेमका नसतो. तो थोडा बाजूला असतो. हे अंतर आपण ‘च’ म्हणू. दांडा फिरू लागला की केंद्रोत्सारी बल त्याला या बाजूकडे खेचते आणि दांडा ‘स’ इतका वाकतो. आता गुरुत्वमध्य अक्षापासून ‘स + च’ इतका लांब गेला. म्हणजे बल आणखी वाढले आणि दांडा आणखी वाकला. याला विरोध करते ती दांड्याची स्थितिस्थापकता. दांडा जितका वाकेल, तितक्या जोराने तो सरळ होऊ पाहतो.

दोन्ही बलांचा तोल जेथे साधतो, तेथे दांडा स्थिरावतो. दांड्याची ताठरता त, वस्तुमान व आणि कोनीय वेग क मानला, तर

त × स = व × क² × (स + च)

यावरून

स = (व × क² × च) ÷ (त − व × क²)

छेदाकडे नीट पाहा. वेग वाढत वाढत ‘व × क²’ हे ‘त’च्या बरोबरीला आले, की छेद शून्य होतो. मग ‘च’ कितीही लहान असला तरी वाक बेसुमार वाढतो. या वेगाला दांड्याचा क्रांतिक वेग म्हणतात. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्के दिले तर तो उंच उंच जातो. येथेही तसेच अनुस्पंदन घडते. फरक इतकाच, की दांड्याच्या प्रत्येक फेरीबरोबर धक्का आपोआप बसत असतो.

काही किंमती काढून पाहा. क्रांतिक वेगाच्या निम्म्या वेगाला वाक ‘च’च्या एक-तृतीयांश असतो. ८० टक्के वेगाला तो ‘च’च्या पावणेदोन पटींच्या वर जातो. ९० टक्क्यांना सव्वाचार पट आणि ९५ टक्क्यांना नऊ पटींहून अधिक होतो. शेवटच्या थोड्याशा वेगवाढीत केवढा फरक पडतो, हे ध्यानात घ्या.

१८६९ साली स्कॉटिश शास्त्रज्ञ रँकिन यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. क्रांतिक वेगाच्या पलीकडे दांडा फिरवणे शक्यच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढे चुकीचा ठरला. स्वीडनचे अभियंते गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८८० च्या दशकात मुद्दाम लवचिक दांडा वापरून आपले वाफेचे टर्बाइन क्रांतिक वेगाच्या पुष्कळ पलीकडे चालवले. वरच्या सूत्रातही याचे उत्तर आहे. ‘क’ खूप मोठा झाला की ‘स’ची किंमत ‘−च’च्या जवळ येते, म्हणजे दांडा आपला गुरुत्वमध्य आपणच अक्षावर आणतो. पण टर्बाइन एकदा क्रांतिक वेग ओलांडून गेले की बराच वेळ पलीकडेच राहते. गाडीचा वेग मात्र गर्दीत, घाटात, फाट्यावर सारखा कमीजास्त होतो. तिचा दांडा क्रांतिक वेगाच्या खूप अलीकडे ठेवणे हाच सुरक्षित मार्ग.

लांबी निम्मी, वेग चौपट

आपल्या २.२ मीटर लांबीच्या नळीचा क्रांतिक वेग किती? पोलादाची स्थितिस्थापकता, घनता आणि नळीचा व्यास यांवरून गणित केले, तर उत्तर येते मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्या. मघाचा आकडा आठवला ना? गाडी ताशी ७६ किलोमीटर वेगाने धावताना दांडा नेमका एवढाच फिरत होता! म्हणजे एकाच तुकड्याचा दांडा बसवला असता, तर मोकळ्या रस्त्यावर रोजच्या वेगाला तो धनुष्यासारखा वाकून फिरू लागला असता.

उपाय काय? नळीचा व्यास दुप्पट केला तर क्रांतिक वेग दुप्पट होतो. पण गाडीखाली तेवढी जागा नसते आणि वजनही वाढते. लांबी कमी करणे अधिक फायद्याचे. क्रांतिक वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केली, की तो चौपट होतो. १.१ मीटरच्या तुकड्याचा क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे ९,६०० फेऱ्या इतका येतो. गाडी तेथपर्यंत कधीच पोचत नाही. सेंटर बेअरिंगचे खरे काम हेच. मध्ये एक पक्का बिंदू देऊन ते दांड्याची लांबी निम्मी करते.

हा नियम तुम्हांला घरीही ताडून पाहता येईल. ३० सेंटिमीटरची पातळ पोलादी पट्टी घ्या. तिचा १० सेंटिमीटर भाग टेबलाच्या कडेबाहेर ठेवा. उरलेला भाग जड पुस्तकाखाली ठेवून हाताने घट्ट दाबून धरा. पट्टीचे मोकळे टोक बोटाने किंचित दाबून सोडा आणि आवाज ऐका. आता फक्त ५ सेंटिमीटर भाग बाहेर ठेवून तेच करा. जवळ पेटी असेल, तर दोन्ही आवाजांचे स्वर शोधा. कंप्रता दुप्पट झाली की स्वर एक सप्तक वर जातो. येथे तो दोन सप्तकांच्या जवळपास वर गेलेला आढळेल, कारण कंप्रता चौपट झाली. पट्टी एकाच टोकाला धरलेली असते आणि दांड्याला दोन्ही टोकांना आधार असतो, हा फरक आहे. पण लांबीच्या वर्गाचा नियम दोन्हीकडे तोच.

सांधे आणि रबर

दांड्याचे दोन तुकडे केले, तर त्यांना जोडणारा सांधाही हवा. शिवाय खड्ड्यातून जाताना मागचा आस वर-खाली होतो, म्हणून मागच्या तुकड्याचा कोन सतत बदलत असतो. त्यासाठी युनिव्हर्सल जॉइंट वापरतात. समोरासमोर दोन बेचकी आणि त्यांना जोडणारा अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा, असा हा सांधा असतो. गॅरेजमध्ये त्या तुकड्याला ‘क्रॉस’ म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या सांध्याचे वर्णन केले होते. स्प्रिंगच्या नियमामुळे तुम्हांला माहीत असलेले हूक ते हेच.

या सांध्याची एक खोड आहे. तो कोनात फिरू लागला, की एका बाजूचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सांध्यात १० अंशांचा कोन असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दुसऱ्याचा वेग ९८५ ते १,०१५ यांच्या दरम्यान हेलकावतो. यावर उपाय म्हणजे तेवढ्याच कोनाचा दुसरा सांधा असा बसवायचा, की पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरील. त्यासाठी मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांची बेचकी एकाच पातळीत असावी लागतात. ती चुकून ९० अंशांनी फिरली, तर दोन्ही गडबडींची वजाबाकी न होता बेरीज होते. मग वेग ९७० ते १,०३० यांच्यामध्ये हेलकावू लागतो आणि सगळी गाडी थरथरते.

कोनात असलेला सांधा पीळ पुढे पाठवतानाच दांड्याला बाजूलाही ढकलतो. इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर आहे असे धरा. पहिल्या गिअरमध्ये तो चौपट, म्हणजे ८०० होईल. सांध्याचा कोन ८ अंश आणि पुढचा तुकडा सुमारे एक मीटर लांब असेल, तर सेंटर बेअरिंगवर ११० न्यूटनच्या आसपास बल येते, म्हणजे साधारण ११ किलो वजनाइतके. तेही प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होत राहते. बेअरिंगवरचे ओझे होते ७ किलो. तेव्हा भरलेली गाडी जागेवरून उचलताना दांडा क्षणभर वर उचलला जाऊ शकतो.

रबराचे कडे या धक्क्यांसाठी असते. ते दांड्याला फार हलू देत नाही, पण अगदी जखडूनही ठेवत नाही. खराब रस्त्यावर सांगाडा पिळवटला, तरी बेअरिंगवर ताण येत नाही. सांध्यांची थरथर सांगाड्यात आणि तेथून चालकाच्या आसनापर्यंत पोचत नाही. रबर फाटले, की काही जण टायरच्या रबराची पट्टी त्या फटीत ठोसतात. गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत नेण्यापुरते ते ठीक. पण अशी पट्टी दांड्याला एका बाजूला सरकवते, सांध्यांचे कोन बिघडवते आणि क्रॉसचे आयुष्य कमी करते.

आवाज नेमका कोठला?

गाडीने १ लाख किलोमीटर अंतर कापले, तर आपल्या हिशेबाप्रमाणे दांड्याच्या १९ कोटी फेऱ्या होतात. ७ किलोंच्या ओझ्याखाली चांगले बेअरिंग याहूनही जास्त फिरू शकते. पण गाडीच्या पोटाखाली चिखल, पाणी आणि धूळ यांचे राज्य. गाडी धुताना जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगच्या कडेतून पाणी आत शिरते, ग्रीस खराब होते, गोळ्यांवर गंज चढतो. रबरही उन्हाने, तेलाने आणि वयाने तडकते. शेजारचा क्रॉस झिजून खुळखुळू लागला, तर त्याचे हादरेही बेअरिंगलाच सोसावे लागतात.

अशी गाडी गॅरेजमध्ये आली, की चालक विचारतो, “मिस्त्री, आवाज गिअरबॉक्सचा आहे का हो?” जाणता मिस्त्री लगेच उत्तर देत नाही. “थांबा दादा, आधी ऐकू द्या,” म्हणतो आणि शेजारी बसून चक्कर मारायला सांगतो. तो करतो ते शास्त्रीय प्रयोगच असतात. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढवला आणि आवाज आला नाही, तर इंजिन सुटले. मग गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने आधी तिसऱ्या आणि नंतर चौथ्या गिअरमध्ये चालवायची. इंजिनाचा वेग बदलतो, पण गाडीचा वेग तोच असल्याने दांड्याचा वेग बदलत नाही. घरघर जशीच्या तशी राहिली, तर ती गिअरबॉक्सच्या मागून येते आहे. एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, ही प्रयोगशाळेतली शिस्त येथे उपयोगी पडते.

आता दांडा आणि चाके यांतली निवड. चाक दांड्याच्या चौथ्या हिश्शाने फिरते. म्हणून चाकाच्या बेअरिंगची घरघर संथ असते आणि दांड्याची भरभर. गाडी उचलताना पोटाखाली ‘धडधड’ होत असेल, तर रबर फाटल्याची शंका घ्यावी. शेवटची खात्री गाडी उभी करून, चाकांना ठोकळे लावून, दांडा हाताने हलवून करतात. रबरात तडे आहेत का, बेअरिंग फिरवताना खरखरते का, क्रॉसमध्ये ढिलाई आहे का, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. नुसते बेअरिंग बदलले आणि झिजलेला क्रॉस तसाच ठेवला, तर नवे बेअरिंगही लवकरच जुन्याच्या वाटेने जाते.

बदलण्याचे काम

हे काम मिस्त्रीचे आहे. तुम्ही ते लांबून पाहावे, गाडीखाली शिरू नये. पाहताना प्रत्येक पायरीमागचे कारण मात्र शोधावे.

पहिली पायरी म्हणजे गाडी सपाट जागी उभी करणे आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावणे. उभी गाडी गिअरमध्ये ठेवली की हलत नाही, असा आपला अनुभव. पण गिअर चाकांना रोखतो तो या दांड्यामार्फतच. दांडा सोडवला, की गिअर आणि चाके यांचा संबंध तुटतो. १,५०० किलोंची गाडी २० मीटरला १ मीटर अशा उतारावर असेल, तर तिला खाली ओढणारे बल ७३५ न्यूटन, म्हणजे ७५ किलो वजनाइतके असते. गाडीखाली माणूस असताना हे बल मोकळे सुटले, तर काय होईल याची कल्पना करा. याच कारणाने उचललेली गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवत नाहीत. सांगाड्याखाली मजबूत लोखंडी घोड्या लावतात.

दुसरी पायरी खुणांची. दांडा सोडवण्याआधी मिस्त्री जोडाच्या दोन्ही बाजूंना पंचाने किंवा रंगाने समोरासमोर खुणा करतो. दांड्याची लांबी थोडी कमीजास्त व्हावी म्हणून त्यात खाचांचा सरकता जोड असतो. समजा, त्याला १६ खाचा आहेत. मग तो १६ प्रकारे बसू शकतो आणि एक खाच चुकली तरी बेचकी २२.५ अंशांनी तिरपी होतात. शिवाय कारखान्यात दांड्याचा तोल साधताना त्यावर लहान पट्ट्या डकवलेल्या असतात. जोड वेगळ्या जागी बसला, तर तो तोलही बिघडतो. अर्ध्या मिनिटात केलेल्या खुणा हे सारे वाचवतात. पुसला जाण्याची भीती असल्याने नुसत्या खडूवर मात्र भिस्त ठेवत नाहीत.

तिसऱ्या पायरीत मागच्या जोडाचे बोल्ट आणि मधल्या कंसाचे दोन बोल्ट काढून दांडा हळूच खाली घेतात. तो एका सांध्यावर लोंबकळू द्यायचा नाही, नाहीतर क्रॉसवर नको तितका कोन पडतो. कंसाखाली पातळ पत्रे असतील, तर तेही जपून ठेवायचे. ते सांध्याचा कोन ठरवण्यासाठी मुद्दाम घातलेले असतात.

मग सरकता जोड वेगळा करून पुढच्या तुकड्याच्या टोकावरचा नट काढतात, बेचके खेचून घेतात आणि जुने बेअरिंग पुलरने ओढतात. ज्या भागावर बेअरिंग बसते, तो स्वच्छ पुसून तपासतात. तेथे खोल चरे पडले असतील, तर नवे बेअरिंगही नीट बसणार नाही.

सर्वांत नाजूक पायरी नवे बेअरिंग बसवण्याची. त्याच्या आतल्या कड्याचे भोक दांड्यापेक्षा मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाने लहान असते, म्हणून ते जोराने बसवावे लागते. हा जोर आतल्या कड्यावरच द्यायचा. त्यासाठी मिस्त्री आतल्या कड्यावर बरोबर टेकेल असा पाइपचा तुकडा घेतो आणि दाबयंत्राने दाबतो. हातोडा बाहेरच्या कड्यावर बसला, तर काय होईल? अर्धा किलोचा हातोडा सेकंदाला ४ मीटर वेगाने येऊन एक-सहस्रांश सेकंदात थांबला असे समजा. त्याचा संवेग २ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होता. तो एवढ्या वेळात शून्य झाला, म्हणून सरासरी बल २,००० न्यूटन. सुमारे २०० किलोंचा हा भार गोळ्यांमधून आत जातो आणि प्रत्येक गोळी कड्याला अगदी बारीकशा ठिपक्याएवढ्या जागेतच टेकलेली असते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ इतके लहान असल्यावर कठीण पोलादातही खळी पडते.

१९०० साली स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी याच तत्त्वावर धातूंचे काठिण्य मोजण्याची पद्धत मांडली. १० मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी ३,००० किलो भाराने धातूवर दाबायची आणि पडलेली खळी मोजायची. बेअरिंगमधल्या अशा खळ्यांना आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. त्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. पण दांड्याच्या प्रत्येक फेरीत गोळ्या त्यांवरून जातात आणि नवेकोरे बेअरिंग थोड्याच दिवसांत घरघरू लागते. अशा वेळी दोष बहुधा मालाला दिला जातो.

शेवटी नट ठरावीक जोराने आवळून कुलूपबंद करतात, खुणांना खुणा जुळवून दांडा चढवतात आणि कंसाचे बोल्ट आधी सैलच ठेवतात. गाडी चाकांवर उतरवून दांडा हाताने थोडा फिरवला, की रबर आपली सहज जागा घेते. त्यानंतर ते बोल्ट आवळायचे. आधीच आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. क्रॉसना ग्रीस दिले, मघाच्याच वेगाने आणि त्याच दोन गिअरांत पुन्हा चक्कर मारून आवाज गेल्याची खात्री केली, की काम पुरे झाले.

थोडा विचार करा

१. तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या गाडीचे चाक एका फेरीत किती अंतर जाते, ते उभ्या गाडीच्या चाकाचा व्यास मोजून काढा. डिफरन्शियलचे प्रमाण ४ धरून, ताशी ६० किलोमीटर वेगाला दांडा मिनिटाला किती फेऱ्या घेईल?

२. लांब मालट्रकच्या दांड्याचे तीन सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा क्रांतिक वेग अखंड दांड्याच्या किती पट होईल? त्याला सेंटर बेअरिंगे किती लागतील?

३. ज्या मोटारींत इंजिन पुढे असते आणि पुढचीच चाके गाडी ओढतात, त्यांना सेंटर बेअरिंग बसवणारा असा लांब दांडा लागत नाही. का बरे? अशी रचना भरपूर माल वाहणाऱ्या पिकअपला सोयीची का ठरत नाही? घाट चढताना भरलेल्या गाडीचे वजन कोणत्या चाकांवर जास्त पडते, याचा विचार करून उत्तर लिहा आणि आपल्या विज्ञानाच्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.